आवाज कुणाचा!

कशेडी घाटाच्या पायथ्याला वाढलेल्या माणसाला गाडी बघावी लागत नाही, ती ऐकूनच कळते. अंथरुणावर पडल्या पडल्या आमच्या वाडीतलं कोणीही सांगेल, की आता चढतोय तो टँकर भरलेला आहे, त्याच्या मागचा रिकामा, आणि उतरणीला गुरगुरतोय त्याने गिअर खाली पाडलाय, म्हणजे ड्रायव्हर जुना आहे. हायवेचा नंबर १७चा ६६ झाला तरी या विद्येत फरक पडला नाही. फरक पडला तो बोगद्याने. २०२३च्या गणपतीत चाकरमान्यांसाठी त्याची एक बाजू उघडली आणि पाऊण तास घाटात वळसे घेणारी माणसं डोंगराच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटर जाऊन चहा निवायच्या आत खेड तालुक्यात उतरायला लागली. तेव्हापासून रात्री आमच्या बाजूला फारसं काही ऐकू येईना. आवाज नाही म्हणून झोप लागत नाही, अशी तक्रार म्हातारी माणसं करू लागली.

ही उणीव मी भरून काढली. मुद्दाम नव्हे, पण भरून काढली.

माझा धंदा मंडपाचा. मंडप, खुर्च्या, गाद्या आणि जेवणावळीची भांडी भाड्याने द्यायची. धंद्याचा सगळा जीव एका पिकअपमध्ये. गाडी बीएस-फोर, म्हणजे २०२०च्या एप्रिलच्या आधीची. सेन्सर कमी, तक्रारी कमी. २०२१च्या जुलैत महाडात पूर आला तेव्हा ती बाजारपेठेत उभी होती. इंजिन वाचलं, पण खालच्या लोखंडाने जी मान टाकली ती टाकलीच. शिवाय आमच्याकडच्या पावसात लोखंड गंजत नाही, विरघळतं. गेल्या लगीनसराईच्या तोंडावर सायलेन्सरला पोटातून भोक पडलं आणि गाडी फुर्र-फुर्र बोलायला लागली.

पोलादपुरातल्या मिस्त्रींनी खाली वाकून एकदाच बघितलं. "आतून सडलाय," म्हणाले. "लिटरभर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. लांब पल्ल्याला पायप तापतो, वाफ निघून जाते. तुम्ही भांडी घेऊन वाडीतून वाडीत जाणार, पायप तापायच्या आत गाडी बंद. मग ते पाणी जाणार कुठं? होता तसाच दुसरा टाका, चार-पाच वर्षं बघायला नको."

सल्ला स्वस्त होता, बरोबर होता, आणि मला त्यात अजिबात गंमत वाटली नाही.

गंमत घरात बसली होती. सीझनला हाताखाली म्हणून डोंबिवलीहून भाचा आला होता. मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघण्यात त्याचं आयुष्य चाललेलं. त्याने सायलेन्सरची वार्ता ऐकली आणि उठून बसला. "मामा, ही संधी आहे. फ्री-फ्लो टाकू. टर्बोला श्वास मोकळा मिळेल. गाडी पळेल, ॲव्हरेज वाढेल, आणि आवाज असा येईल ना, की..." पुढे तो बोललाच नाही. नुसते डोळे मिटले.

त्या अर्धवट वाक्यात मी अडकलो. पन्नाशी ओलांडलेला, शुगर असलेला, दिवसभर खुर्च्या मोजणारा माणूस. माझ्यासाठी कोणी मान वळवून बघितल्याला बराच काळ लोटला होता. तालुक्यातल्या दुसऱ्या मंडपवाल्याने त्याच वर्षी कोरी गाडी घेतली होती, हेही डोक्यात असेल. मिस्त्री फोनवर म्हणाले, "टर्बो स्वतःच थोडाफार आवाज खातो, म्हणून तुमची गाडी शहाणी वाटते. आणि इंजिनात डिझेल जेवढं जात होतं तेवढंच जाणार असेल, तर नुसत्या पायपाने ताकद कुठनं येणार?" मी त्यांना जुन्या वळणाचे ठरवून फोन ठेवला.

पार्सल आलं. चकचकीत स्टीलचा, मांडीएवढा पायप. खोक्यावर 'युनिव्हर्सल' लिहिलेलं. भाच्याने अर्थ सांगितला, की हा सगळ्या गाड्यांना बसतो. कुठल्याच गाडीला तो नीट बसत नाही, हा दुसरा अर्थ आम्हाला गाडीखाली गेल्यावर सापडला.

मजुरी वाचवायची म्हणून काम अंगणातच करायचं ठरलं. गाडीची एक बाजू जोत्यावर चढवली, चाकांना दगड लावले, खाली गोणपाट अंथरलं आणि आम्ही दोघं आत सरपटलो. पहिल्या नटाला पाना लावून झटका दिला, तर नट नव्हे, नटाचे कोपरे निघून आले. षटकोनी वस्तू गोल करण्यात आम्हाला यश आलं होतं. दुसऱ्या नटावर भाच्याने डिझेल ओतलं. तिसऱ्यासाठी त्याने "मामी, खोबरेल तेल आहे का?" अशी हाक दिली, आणि आमच्या हिने डोक्याला लावायला म्हणून बाटली दिली. ती अर्धी माझ्या डोक्याला लागली हे खरं, कारण मी बरोबर खाली होतो. वरून गंजाचे पापुद्रे तोंडात पडत होते. त्यांची चव मी सांगू शकेन, पण छापण्यासारखी नाही.

छिन्नी-हातोडा झाला. शेवटी वेल्डिंगवाला गॅस कटर घेऊन आला आणि दोन मिनिटांत जुनं सगळं कापून मोकळा झाला. जाताना त्याने विचारलं, "आधी का नाय बोलावलंत?" गाडीखालून कोणीही उत्तर दिलं नाही.

आता नवीन जोडायचा. गाडीच्या बाजूला फ्लँजला तीन भोकं, पायपाच्या फ्लँजला दोन. भाचा म्हणाला, दोन तर जुळतात ना! त्यातलं एक जुळलं. मग पुन्हा वेल्डिंगवाला. पायप सरळ मागे न्यावा तर मध्ये स्टेपनी, उजवीकडे न्यावा तर डिझेलची टाकी. मिस्त्रींना फोन करायची लाज वाटत होती, म्हणून आम्ही दोघांनी विचार करून पायप डावीकडून, मागच्या चाकाच्या पुढे बाहेर काढला. दिसायला झकास. पायप लोंबकळायच्या रबरांपैकी एक उरलं, ते ठेवणीतलं म्हणून डॅशबोर्डवर ठेवलं. ते ठेवणीतलं नव्हतं, हे पहिल्या स्पीड-ब्रेकरला समजलं.

सुरू करायचा मुहूर्त संध्याकाळचा. वैशाखाचे दिवस. अंगणाच्या डाव्या बाजूला बाजेवर वाळवण पसरलेलं: कुरडया, फेण्या, पोह्याचे पापड. बायकोची आणि शेजारच्या दोन घरांची मिळून आठवड्याची मेहनत. पायपाचं तोंड कुठल्या बाजूला आहे, हे मी वर सांगितलंच आहे.

भाच्याने चावी फिरवली आणि ॲक्सिलरेटर दाबला.

आवाजाचं नंतर बोलू, आधी काजळी. इंजिनाकडे उरलेल्या जुन्या पायपात इतकी वर्षं साठलेली, हातोड्याने सुटी झालेली सगळी काजळी एका ढेकरेत बाहेर आली. पांढऱ्याशुभ्र फेण्या तीळ लावल्यागत दिसू लागल्या. पाठोपाठ नव्या पायपाला गंज लागू नये म्हणून चोपडलेलं तेल तापून जळायला लागलं आणि गाडीखालून धुराचा लोट उठला. नवीन सायलेन्सर पहिल्यांदा तापताना असा धूर येतोच, ही माहिती वाडीला नव्हती. खरं म्हणजे मलाही नव्हती. माणसं हंडे-कळशा घेऊन धावली. गाडी पेटली नव्हती, पण भिजली पूर्ण. पाण्याने भाचा गारठला, बायकोच्या नजरेने मी.

आणि आवाज. इंजिनात एकेका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आत दाब शिल्लक असतो; तो वायू धक्क्याने बाहेर पडतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला असे दोन धक्के. दोन हजार फेऱ्यांवर मिनिटाला चार हजार, म्हणजे सेकंदाला सदुसष्टच्या आसपास. साध्या सायलेन्सरच्या पोटात कप्पे आणि भोकांच्या नळ्या असतात. आवाजाची लाट एका कप्प्यातून दुसऱ्यात आपटते, परतते, समोरून येणारीला भिडते आणि दोघी एकमेकींना खाली बसवतात. फ्री-फ्लोत एकच सरळ भोकांची नळी, भोवती काचेच्या लोकरीचं वेष्टण. ते वेष्टण आमच्यात नावाला होतं. अमेरिकेत जन्मलेल्या हायरम मॅक्सिम नावाच्या माणसाने मशिनगन काढली आणि त्याच्या मुलाने, हायरम पर्सी मॅक्सिमने, १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. पुढे त्याच धर्तीवर इंजिनांचेही सायलेन्सर बनवले. बापाने केलेला आवाज मुलाने निस्तरला. आमच्या घराण्यात हे काम उलट दिशेने चालतं.

तो सेकंदाला सदुसष्टचा खर्ज छातीत कळतो, आणि भांड्यांनाही कळतो. पिकअपमध्ये पातेली, टोप, पराती, घमेली एकात एक घालून ठेवलेली. घाटाच्या चढणीला तिसऱ्या गिअरवर गाडी एका ठरावीक वेगाला आली की मोठा टोप घुमायला लागायचा. मग आरतीला उभ्या राहिलेल्या मंडळींसारखी एकेक करून बाकीची भांडी त्यात सामील व्हायची, आणि शेवटी झाकणं टाळ धरायची. वेग वाढवला की टोप गप्प, परात चालू. मला हे मनापासून आवडलं. पहिल्या दिवशी रस्त्यावरच्या पोरांनी हात वर करून "आवाज कुणाचा?" अशी आरोळी ठोकली, तेव्हा मी हॉर्न वाजवून उत्तर दिलं. हॉर्न ऐकू आला नाही.

मान वळवून बघायला लागले लोक; तेवढं भाच्याने दिलेलं वचन खरं झालं. पण मान वळवण्याआधी ते ऐकत होते, आणि कशेडीच्या माणसाचे कान कसे असतात हे मी आधी सांगितलंय.

पहिला झटका घरातून बसला. कशेडीहून भांडी घेऊन परत आलो, हात धुतले, पानावर बसलो. बायकोने भाकरी एकच वाढली.

"दुसरी?"

"वळणावरच्या टपरीवर खाल्लंत ना. तिथं गाडी बंद झाली. वड्याला जेवढा वेळ लागतो त्याच्याहून जास्त वेळ बंद होती, म्हणजे भजीही घेतली. वर चहा. साखरेचा."

घराच्या मागे डोंगर, समोर दरी. आवाज त्या दोघांच्यात टोलवला जातो. घाटातलं प्रत्येक वळण माझ्या स्वयंपाकघरात वेगळं ऐकू येत होतं. इतकी वर्षं मी टपरीवर खाल्लेल्या वड्यांचा हिशेब कोणाकडे नव्हता. आता तो रोजच्या रोज लागायला लागला.

धंद्यात तर याहून वाईट. सीझनला भांडी उधारीवर जातात. वसुलीला पावसाच्या आत फिरावं लागतं. मी वाडीत पोचेपर्यंत देणेकरी रानात गेलेला असायचा. एका घरात चुलीवरचा चहा उकळत होता, समोर कप मांडलेले होते, आणि माणूस नाही. त्याची म्हातारी आई म्हणाली, "आत्ताच गेला बगा. तुमची गाडी धामणदेवीला वाजली तवा निगाला." आणि ज्यांचं मी देणं लागत होतो, बांबूवाला, ताडपत्रीवाला, गाद्या शिवणारा, ते माझ्याआधी माझ्या अंगणात येऊन बसलेले असायचे. आवाजाने माझे देणेकरी पळवले आणि घेणेकरी गोळा केले. एवढं करून ॲव्हरेज वाढलं का? भाचा म्हणतो, आपण पाय जास्त दाबतोय म्हणून दिसत नाही.

तरीही पायप उतरवला नसता. आत्याने आणि बोगद्याने मिळून ते काम केलं.

भरणे नाक्याजवळ एका साखरपुड्याची ऑर्डर होती. आत्याला खेडला लेकीकडे जायचं होतं, तिला केबिनमध्ये मध्ये बसवलं. आत्या ऐंशीच्या पुढची, डाव्या कानाने ऐकत नाही आणि उजव्याने ऐकायचं तेवढंच ऐकते. घाटातला आवाज निदान दरीत जातो. बोगद्याला दरी नाही. सिमेंटच्या त्या नळीत आवाज जो आत शिरतो तो भिंतीवरून भिंतीवर आपटत आपल्याबरोबरच चालतो. आम्ही आत शिरलो आणि मला वाटलं मागून मोठा ट्रक येतोय. आरशात बघितलं तर कोणी नाही. मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, ट्रकही जोरात आला. मग कळलं, की मी स्वतःच्याच गाडीला साइड देतोय. मागे भांड्यांनी एकदम ताल धरला, सगळ्यांनी मिळून, कारण आत कुठला वेग कुणाला लागू हा प्रश्नच उरला नव्हता. पुढच्या मुंबईच्या गाडीने दिवे लुकलुकवत कडेला घेतलं. डॅशबोर्डवरचं ठेवणीतलं रबर उडून भाच्याच्या मांडीवर पडलं.

बाहेर उजेडात आल्यावर आत्याने माझ्याकडे समाधानाने बघितलं.

"इतक्या दिसांनी नीट ऐकू आलं," ती म्हणाली. "काय म्हणत व्हतास?"

मी काहीच म्हणत नव्हतो. ओरडत होतो.

परत येताना मी बोगदा टाळला आणि जुन्या घाटाने आलो. तिथे एक खाकीतले साहेब रस्त्याच्या मधोमध हात करून उभे. दंडाचं मशीन आधीच हातात, चालू करून ठेवलेलं. "दोन वळणं आधीपासून वाट बघतोय," म्हणाले. माणूस सभ्य होता, त्याने मला शिकवलं. मोटार वाहन कायदा १९८८चा. कलम १९०, पोटकलम २: आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर पहिल्या खेपेला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय कलम १८२-अ: परवानगी नसताना मालकाने गाडीत बदल केला, तर प्रत्येक बदलामागे ५ हजार, आणि ६ महिन्यांपर्यंतची सोय वेगळी. 'प्रत्येक बदलामागे' म्हटल्यावर मी सरकत सरकत मागच्या फाळक्यापाशी गेलो आणि भाच्याने तिथे चिकटवलेल्या निळ्या दिव्यांच्या पट्टीला पाठ टेकून उभा राहिलो.

"पुण्या-नागपुरात बुलेटचे असले सायलेन्सर गोळा करून आमचे लोक वरून रोडरोलर फिरवतात, बघितलंय ना?"

"बघितलंय साहेब." भाच्याने तो व्हिडिओ मला कौतुकाने दाखवला होता.

"तुमचा तर पायप आहे. त्याच्यावर रोलर चढायचा नाही, घसरेल." ते स्वतःच्या विनोदावर हसले. मीही हसलो, अशा वेळी हसण्यात काटकसर करू नये. दंड किती झाला ते घरी अजून सांगितलेलं नाही. बायकोने गाडी किती वेळ थांबली त्यावरून आकडा काढला असावा, कारण त्या रात्री तिने काहीच विचारलं नाही.

पुढचं सगळं पोलादपुरात, मिस्त्रींच्या खड्ड्यावर. त्यांनी कंपनीचा होता तसा सायलेन्सर, नवं गॅस्केट, नवे स्टड आणि सगळी रबरं घातली. सगळी म्हणजे सगळी. काम चालू असताना ते एकही शब्द बोलले नाहीत, आणि मजुरी नेहमीचीच घेतली. दुसऱ्याने घेतली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

गाडी पुन्हा शहाण्यागत बोलू लागली. वसुलीला मी दबक्या पावलांनी जाऊ लागलो आणि चुलीवरच्या चहासकट माणसं सापडली. बायकोचा मात्र विश्वास उडाला. "इतका वेळ कुठं होतात? काही ऐकू आलं नाही," हा तिचा नवा आक्षेप. ऐकू येत होतं तोपर्यंत निदान भजी किती खाल्ली ते तरी कळत होतं, आता कल्पनेने मोजावी लागतात, आणि कल्पनेत मी फार खातो.

वळवाचा पहिला पाऊस झाल्यावर एका सकाळी खालच्या वाडीतली चार-पाच माणसं अंगणात येऊन बसली. मला वाटलं आवाजाची जुनी तक्रार उशिराने आली. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग त्यांच्यातला वयस्कर होता तो म्हणाला, "तो पायप कुटं टाकलाव?"

"मागच्या पडवीत. का?"

"न्हाई, तुमची गाडी वाजायची तवा डुकरं न् वांदरं खाली उतरत न्हवती. आता पायप काडलाव न् परवा रातच्याला डुकरांनी अळवाची सगळी रांग उकरली. आमचं काय म्हनणं, रातच्याला एक फेरी मारा. डिजल आमी घालू."

मी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा आधार घेतला. रात्री १० ते सकाळी ६, राहत्या वस्तीत ४५ डेसिबलच्या वर जाता येत नाही. ते म्हणाले, डुकरं साडेनवालाच येतात.

आत्या उंबऱ्यात बसून सुपारी कातरत होती. "वांदरं चार दिस पळतील," ती म्हणाली, "पाचव्या दिसाला येऊन टपावर बसतील न् भांडी वाजवतील." सगळे हसले, पण उठलं कोणी नाही. भाच्याने कुठूनशी वही काढली होती आणि गुंठ्याला किती घ्यायचे याचा हिशेब मांडायला सुरुवात केली होती. मी त्याला स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. त्याने मान डोलावली, वही मिटली आणि पडवीकडे गेला. थोड्या वेळाने गाडीखालून त्याचा आवाज आला.

"मामी, खोबरेल तेल आहे का?"